हात मांडीखाली

गेली तीन वर्षं लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर माझं ब्लिट्झचं, म्हणजे झटपट डावांचं, रेटिंग १६०० ते १७०० च्या मध्ये अडकून पडलंय. चढलं की आठवड्याभरात उतरतं, उतरलं की परत चढतं. मधल्या काळात मी लंडन सिस्टिम या ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठराविक चालींचे, व्हिडिओ बघितले, कॅरो-कान या दुसऱ्या ओपनिंगचा एक कोर्स केला, रोज दहा पझल सोडवली, आणि रेटिंग आपलं तिथल्या तिथंच. शेवटी मागच्या महिन्यात एका रविवारी ठरवलं की नवीन काही शिकायचं नाही, आपलेच जुने डाव बघायचे. ब्लिट्झचे शेवटचे शंभर डाव, एकामागून एक, शेजारी वही घेऊन. जेवणं झाल्यावर बसले ती दिवेलागणीला उठले. त्यात जे दिसलं ते लिहायचंय, कारण माझ्यासारखी रोज फोनवर खेळणारी माणसं खूप आहेत आणि आपण नेमकं कसं खेळतो हे आपल्यालाच धड माहीत नसतं असं मला त्या दिवशी फार वाटलं.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी पुण्यात बँकेत नोकरी करते, वारज्याहून शिवाजीनगरला पीएमटीनं जाते. बसायला जागा मिळाली की ३+२ चे तीन-चार डाव होतात, म्हणजे तीन मिनिटं आणि प्रत्येक चालीला दोन सेकंद वाढीव. रात्री लेकीचा अभ्यास, ओटा आवरणं, विरजण लावणं झालं की परत तीन-चार. कधी कधी जास्त. लहानपणी सांगलीत अण्णांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, खेळायचे, मग कॉलेज, नोकरी, लग्न यात पट माळ्यावर गेला तो गेलाच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कॉमेडियन समय रैनाचे बुद्धिबळाचे स्ट्रीम सुरू झाले, त्यात आपला नाशिकचा विदित गुजराथी यायचा, इतका मोठा ग्रँडमास्टर आणि नवशिक्या लोकांना हसत खेळत समजावून सांगायचा, ते बघून मी अकाउंट काढलं. लिचेस निवडलं कारण ते फुकट आहे, जाहिराती नाहीत, एका फ्रेंच प्रोग्रॅमरनं २०१० मध्ये सुरू केलेलं आणि आजही लोकांच्या देणगीवर चालतं. मी पण वर्षाला थोडे पैसे पाठवते.

रेटिंगबद्दल एक सांगते, कारण लोक विचारतात. लिचेसवर सगळ्यांना सुरुवातीला १५०० मिळतात आणि मग डाव होतील तसं वर-खाली होतं. चेस डॉट कॉम या दुसऱ्या साइटवर माझाच आकडा बराच कमी आहे. तेव्हा एकमेकांचे आकडे लावून बघण्यात अर्थ नाही, स्वतःचा आकडा कुठल्या दिशेनं चाललाय तेवढंच बघायचं.

तर ते शंभर डाव. माझी समजूत अशी होती की मी ओपनिंगमध्ये मार खाते. सगळ्यांची हीच समजूत असते, म्हणून तर ओपनिंगचे व्हिडिओ सगळ्यात जास्त बघितले जातात. पांढरे असले की मी लंडनच खेळते, वजिरासमोरचं प्यादं दोन घरं, मग उंट एफ४ वर (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ), मग ई३, सी३, दोन्ही घोडे बाहेर, समोरचा काहीही करो. हे सोपं पडतं कारण विचार करावा लागत नाही, आणि बसमध्ये खड्डे चुकवत खेळताना ते बरंच वाटतं. त्यात मला प्रीमूव्हची सवय लागली. प्रीमूव्ह म्हणजे समोरच्याची चाल यायच्या आधीच आपली चाल लावून ठेवायची, त्याची आली की आपली आपोआप पडते, वेळ जवळजवळ जातच नाही.

एका डावात समोरच्यानं हे बरोबर ओळखलं. मी डी४, त्यानं डी५, मी उंट एफ४ ला आणला आणि ई३ लावून ठेवलं. त्यानं दुसऱ्याच चालीला ई५ केलं. ते प्यादं माझ्या उंटावर चालून आलेलं, आणि मी जागी असते तर डी४ च्या प्याद्यानं फुकट मारलं असतं. पण माझं ई३ आधीच लागलेलं होतं, ते पडलं, आणि त्यानं माझा उंट उचलला. प्याद्याच्या बदल्यात उंट, तिसऱ्या चालीला. तो डाव मी वहीत लाल पेनानं लिहिला. समोरचा कुठल्या देशाचा होता माहीत नाही पण त्यानं माझ्या चालींपेक्षा माझी सवय वाचली होती आणि ते मला फार लागलं.

पण असे डाव शंभरात तीन-चारच निघाले. ओपनिंगमध्ये मी सरळ सरळ हरतच नाही. दहा-बारा चालींनंतर इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, बहुतेक डावांत दोघांना सारखंच दाखवत होतं. मग कुठं जातं सगळं?

ते कळलं वेळेच्या ग्राफमध्ये. डाव संपल्यावर अॅनालिसिसमध्ये खाली एक ग्राफ येतो, प्रत्येक चालीला किती वेळ घेतला त्याच्या उभ्या रेघा, पांढऱ्याच्या वर आणि काळ्याच्या खाली. मी तो कधी नीट बघितलाच नव्हता. मी आपली ब्लंडर, म्हणजे घोडचुका, किती, मिस्टेक किती, अॅक्युरसी किती टक्के एवढं बघून रीमॅच दाबायचे. त्या दिवशी मी प्रत्येक ब्लंडरच्या शेजारी किती सेकंद लागले ते लिहायला लागले आणि वीस-पंचवीस डावांतच वहीच्या त्या कॉलममध्ये एकसारखे आकडे दिसायला लागले. एक सेकंद. दीड सेकंद. एक सेकंद. आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त चाली एकाच जातीच्या होत्या, समोरच्यानं काहीतरी मारलं आणि मी ते परत मारलं.

एक डाव सांगते. समोरच्याचा राजा जी८ वर, पुढं तिन्ही प्यादी जागच्या जागी, राजाला पळायला एकही घर नाही. त्याचा एक हत्ती ई८ वर, तोच शेवटच्या ओळीचा राखणदार. माझा एक हत्ती ई४ वर आणि दुसरा डी१ वर, डी ची उभी पट्टी पूर्ण मोकळी. त्यानं ई८ चा हत्ती उचलून माझा ई४ चा हत्ती मारला. मी लगेच एफ३ च्या प्याद्यानं त्याचा हत्ती मारला. बरोबरीची मारामारी, हिशोब चुकता. पण त्याचा राखणदार घर सोडून बाहेर आला होता! माझा डी१ चा हत्ती सरळ डी८ ला गेला असता, शह, त्यानं हत्ती परत ई८ ला मध्ये आणला असता, तो पण मारला की मात. दोन चालींचं काम. हे पझल म्हणून कुणी समोर ठेवलं असतं तर मी पाच सेकंदात सोडवलं असतं, सोडवतेच रोज. घड्याळात माझ्याकडं एक मिनिट चाळीस सेकंद शिल्लक होते आणि मी खर्च किती केले तर एक सेकंद. तो डाव मी पुढं पंचवीस चाली खेळून हरले.

पझलमध्ये का दिसतं आणि डावात का नाही याचं उत्तर मला तिथं मिळालं. पझलमध्ये आपल्याला माहीत असतं की इथं काहीतरी आहे. डावात कुणी सांगत नाही. आणि समोरच्यानं आपलं काही मारलं की आत काहीतरी उसळतं, हिसकावून घेतल्यासारखं, आणि बोट आपोआप तिथं जातं. डोक्यानं ठरवायच्या आत अंगठ्यानं चाल केलेली असते.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट. ग्राफमध्ये सगळ्यात उंच रेघा कुठं होत्या तर ब्लंडरच्या पुढच्या चालीला. म्हणजे एका सेकंदात वजीर घालवायचा आणि मग चाळीस-चाळीस सेकंद विचार करायचा की आता काय. तिथं विचार करण्यासारखं काही उरलेलंच नसतं, ते नुसतं हळहळणं असतं, पण घड्याळ ते पण मोजतं. हे जवळजवळ प्रत्येक हरलेल्या डावात होतं. मी वही मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले, खरंच.

हरल्यावर खेळत राहायची सवय पण आहेच. एका रात्री साडेअकरा ते दीडपर्यंत मी सलग चौदा डाव खेळले होते त्यातले अकरा हरले. एकेका डावामध्ये पाच सेकंदांचं पण अंतर नाही, लगेच पुढचा. याला इंग्रजीत टिल्ट म्हणतात. आता नियम केलाय, लागोपाठ दोन हरले की फोन चार्जिंगला लावायचा, दुसऱ्या खोलीत. तीन आठवडे पाळलाय.

एक सवय मात्र मला माझी आवडते आणि ती मी बदलणार नाही. हरत असले तरी मी घड्याळ चालू ठेवून निघून जात नाही. बरीच माणसं करतात हे, मात दिसली की फोन बाजूला ठेवून देतात, समोरचा बिचारा दोन मिनिटं बसून राहतो. मला ते बरोबर वाटत नाही. एकतर रिझाइन करायचं नाहीतर मात होईपर्यंत खेळायचं. मी बहुतेक वेळा मात होऊ देते, समोरच्यानं कमावलेली असते ती. आणि डाव झाल्यावर गुड गेमचं बटण दाबते, हरले तरी. हे माझं नाही, हे अण्णांचं आहे.

अण्णांकडं येते आता, कारण त्या वहीतलं मी पहिल्यांदा त्यांनाच फोनवर सांगितलं.

अण्णा आता ७६ वर्षांचे आहेत. सांगलीत बुद्धिबळ म्हणजे नुसता टाइमपास कधीच नव्हता. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, तिथल्या स्पर्धांना बाहेरून खेळाडू यायचे आणि आमच्यासारख्या घरांतले बाप आपापल्या पोरांना बोट धरून बघायला न्यायचे. मला आठवतं, मी सहा-सात वर्षांची असेन, एवढी माणसं एका खोलीत आणि आवाज फक्त घड्याळांची बटणं दाबल्याचा. अण्णा काही स्पर्धा जिंकणारे खेळाडू नव्हते, ते आपले संध्याकाळी ओट्यावर शेजारच्या काकांबरोबर खेळणारे. पण खेळताना त्यांची एक सवय होती, दोन्ही हात मांडीखाली. अक्षरशः हातांवर बसायचे. आणि मला पण बसायला लावायचे.

"शिवलं की चालवायचं," हा आमच्या घरातला पहिला नियम. सोंगटीला बोट लागलं की तीच हलवायची, रडून उपयोग नाही. म्हणून हात मांडीखाली, म्हणजे चाल डोक्यात ठरल्याशिवाय हात बाहेर येणारच नाही. मी पुष्कळदा चिडायचे, घोड्याला नुसतं बोट लागलं होतं, मला तो चालवायचाच नव्हता. अण्णा काही बोलायचे नाहीत, नुसते त्या घोड्याकडं बघत बसायचे. मग मी तो चालवायचे आणि हरायचे.

अण्णा मूळचे देशी पद्धतीचं खेळणारे. त्यांच्या वडिलांकडून शिकलेले. देशी डावात प्यादं पहिल्या चालीला पण एकच घर पुढं जातं, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कोपऱ्याकडं नेणं) नाही, त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घराची उडी मारता येते, आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीची सोंगटी होते, सरसकट वजीर नाही. त्यामुळं डाव हळू उमलायचा. पुढं अण्णांनी आंतरराष्ट्रीय नियम शिकले पण हात त्याच वळणाचा राहिला. आजही त्यांचं प्यादं पहिल्यांदा एकच घर पुढं जातं. ई३, डी३, जी३, उंट कोपऱ्यात दडवून ठेवायचा आणि वाट बघायची. माझ्यासारख्या व्हिडिओ बघून शिकलेल्या माणसाला ते भित्रं वाटतं. पण हेच वळण जगात इंडियन म्हणून ओळखलं जातं हे मला खूप उशिरा कळलं. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी नावाचे गृहस्थ जॉन कॉक्रेन या स्कॉटिश माणसाबरोबर असंच खेळायचे, उंट कोपऱ्यात ठेवून, आणि किंग्ज इंडियन वगैरे ओपनिंगची नावं तिथल्या अशाच खेळावरून आली. आणि मीर सुलतान खान, पंजाबातला माणूस, देशी नियमांवर वाढलेला, त्याला विलायती ओपनिंगची पुस्तकं माहीत नव्हती, तरी त्यानं १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश चॅम्पियनशिप जिंकली, माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला हरवलं. त्याला ग्रँडमास्टर किताब मिळाला २०२४ मध्ये, मरणोत्तर. अण्णांना ही बातमी मी वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "द्यायचाच होता तर तो असताना द्यायचा."

तर मागच्या दसऱ्याला मी अण्णांच्या फोनवर लिचेस टाकून दिलं आणि आमचा एक डाव लावला. ब्लिट्झ नाही, कॉरस्पॉन्डन्स, एका चालीला तीन दिवस. पूर्वी लोक पोस्टकार्डावर खेळायचे तसं. इंजिन वापरायचं नाही हा तिथला पण नियम आहे आणि आमचा पण. मी बसमध्ये उभ्या उभ्या चाल करायचे आणि विसरून जायचे. अण्णांची चाल यायला कधी दोन दिवस, कधी अडीच. आईनं सांगितलं की ते खरा पट मांडून बसतात, फोनवरची स्थिती पटावर लावतात, चहा थंड होतो, आणि हो, हात मांडीखाली.

तीन महिन्यांनी तो डाव अशा जागी आला की माझ्याकडं हत्ती आणि एक प्यादं, त्यांच्याकडं नुसता हत्ती. माझा राजा डी५ वर, प्यादं ई५ वर, हत्ती एच७ वर. त्यांचा राजा ई८ वर आणि हत्ती ए६ वर. मला वाटलं जिंकले. प्यादं पुढं ढकलत न्यायचं एवढंच तर आहे. पण अण्णांचा हत्ती त्या सहाव्या ओळीवरून हलेचना. ए६, मग बी६, मग परत ए६. माझा राजा पुढं यायला बघतोय आणि ती ओळ म्हणजे भिंत. मी फोन केला.

"अण्णा, तुम्ही नुसता हत्ती इकडं तिकडं करताय."

"तू प्यादं ढकल की मग."

"ढकलते."

"ढकल. विचार करून ढकल."

मी विचार न करता ढकललं. ई६. त्याच दिवशी, पहिल्यांदाच एवढ्या लवकर, अण्णांची चाल आली, हत्ती सहाव्या ओळीवरून सुटून थेट माझ्या बाजूला, ए१ ला. माझा राजा डी६ ला आला, आता पुढच्या चालीला एच८ ला मात, आणि त्यांनी मागून शह दिला, डी१ वरून. प्यादं पुढं गेल्यामुळं माझ्या राजाला त्याच्या आडोशाला लपायला जागाच उरली नव्हती. शह, राजा हलला, परत शह, परत हलला, परत शह. ड्रॉ.

नंतर वाचलं तर याला फिलिडोरची स्थिती म्हणतात, अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू आणि संगीतकार, त्यानं दाखवून ठेवलेलं आहे. अण्णांना फिलिडोर हे नाव माहीत नव्हतं. ओट्यावर त्यांना कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी दाखवलं होतं, प्यादं येईपर्यंत हत्तीनं ओळ सोडायची नाही, आलं की मागं पळायचं. डाव संपल्यावर मी कॉम्प्युटरला लावून बघितलं. इतक्या थोड्या सोंगट्या उरल्या की अंदाज नसतो, टेबलबेसमध्ये, म्हणजे अशा स्थितींची उत्तरं आधीच काढून ठेवलेल्या संग्रहात, उत्तर पक्कं असतं. अण्णांची त्या एंडगेममधली एकही चाल चुकलेली नव्हती.

वहीतलं सगळं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "फोनवर शिवलं की चालवायचं हा नियम असतो का गं?" मी म्हणलं नसतो, बोट लावून सोडून देता येतं, दुसरी सोंगटी धरता येते. तर म्हणाले, "मग हात कुठं ठेवायचे ते कुणी शिकवणारच नाही."

लेक शेजारीच बसली होती, तिनं विचारलं आजोबा हातांवर का बसतात. तिला दिव्या देशमुख फार आवडते, नागपूरची, २०२५ मध्ये जॉर्जियात बातुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकली आणि त्या विजयानं थेट ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून हिला पण खेळायचंय. मी तिला अजून ओपनिंग काही शिकवलेलं नाही. पट माळ्यावरून काढलाय, एक प्यादं हरवलंय तिथं बटण ठेवतो, आणि दोघी हातांवर बसून खेळतो.

फोनवर खेळणं मी बंद केलेलं नाही, पण बसमध्ये आता खेळत नाही. रात्री १५+१० चे दोन डाव, बस. फोन उभा करून ठेवते डब्याला टेकवून, उजवा हात मांडीखाली. समोरच्यानं काही मारलं की आधी त्याची सोंगटी कुठून आली ते घर बघते, मारलं ते घर नंतर. तिथं काय उघडं पडलं, कोण राखणदार हलला. सुरुवातीला फार जड गेलं, हात अक्षरशः ओढला जायचा. मागच्या गुरुवारी एका डावात समोरच्यानं माझा घोडा मारला, मी परत मारणारच होते, थांबले, वीस सेकंद बघितलं, आणि मध्ये एक शह सापडला ज्यानं त्याचा हत्ती गेला. डाव संपल्यावर ग्राफमध्ये ती वीस सेकंदांची रेघ मी बराच वेळ बघत होते.

अण्णांनी नवीन डाव लावलाय. पांढरे त्यांचे. पहिली चाल ई३, एक घर. काल दुपारी आली. माझ्याकडं अजून दोन दिवस आणि चार तास आहेत.